ओला रुमाल

आमचे सर गळ्यात मल्टीमीटर अडकवून हिंडायचे. वर्गात, चहाच्या टपरीवर, पाटोद्याच्या बाजारात मेथीची जुडी घेतानासुद्धा. मेथीत मोजण्यासारखं काही नसतं हे त्यांनाही ठाऊक होतं, पण भाजीवालीच्या इलेक्ट्रॉनिक काट्यात असतं. तिचा काटा अडला की ती दुसरीकडे कुठे न नेता सरांची वाट बघत बसे. सर तिथंच तिच्या पोत्यावर मांडी घालून काटा उघडत, सुटलेली तार जोडत, आणि मेथी विसरून घरी जात. त्यांच्या घरी मेथीची भाजी फार वेळा शिजली नसावी.

त्यांचं गाव नांदूरघाट, आणि बोलणं शेवटपर्यंत नांदूरघाटचंच राहिलं. पाटोद्याला बारदान्याच्या एका गोदामावर दोन खोल्या होत्या, तिथं ते आम्हाला इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. दोन वर्षांचा कोर्स. रेडिओ, चार्जर, मोटारीच्या स्टार्टरचे बोर्ड, जे गावात बिघडतं ते दुरुस्त करायला शिकायचं. वर्गात अकरा पोरं आणि बारावी मी.

पोरांना सर 'बे' म्हणायचे. "काय बे, सोल्डर लावतो का डांबर ओततो?" असं. मला 'बे' म्हणता येईना आणि दुसरं काय म्हणावं ते सुचेना. म्हणून पहिले कित्येक महिने ते माझ्याशी खिडकीकडे बघून बोलले. "ज्यांच्या टेबलावर इस्त्री गरम राहिलीय त्यांनी बंद करावी," असं खिडकीला सांगत. सोल्डरिंगच्या दांडीला ते इस्त्रीच म्हणायचे. मी उठून बंद करायची.

मी तिथं गेले ते वडिलांच्या एका शब्दावर. आमचं घर ऊसतोडीचं. दिवाळी झाली की टोळी कारखान्यावर जायची, आणि लहानपणापासून मीही जायची. उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत राहताना मी एका जुन्या बॅटरीवर सगळ्या टोळीचे मोबाइल चार्ज करून द्यायची. त्यावरून वडिलांना वाटलं की पोरीला यातलं काहीतरी कळतं. पाटोद्याला आत्या राहायची, तिच्याकडे मला ठेवलं. "दिवाळीपर्यंत जा," वडील म्हणाले, "मग बघू."

हे 'मग बघू' काय ते मला चांगलं माहीत होतं. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून दोघं. जोडी नसेल तर कोयता अर्धा. म्हणून आमच्याकडे पोरींची लग्नं टोळ्या निघायच्या आत उरकतात. मला अठरावं संपलं होतं आणि एक स्थळ सांगून आलं होतं. दिवाळीच्या पुढे तो वर्ग मला दिसेल की नाही, हा प्रश्न रोज जिना चढताना माझ्यासोबत वर यायचा.

सरांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना एकच गोष्ट माहीत होती, ती म्हणजे ट्रान्झिस्टर. वर्गातल्या एकाने विचारलं होतं, की सर, आता सगळं चिपमधे असतं, मग हे जुनं कशाला शिकायचं? सर म्हणाले, "चिप म्हंजे काय बे? ट्रान्झिस्टरांची वस्ती. एक घर कळल्याबिगर वस्ती कळत न्हाई." आणि त्या एका घरात आम्हाला त्यांनी चार महिने बसवलं.

ट्रान्झिस्टरला तीन पाय. दोन पायांमधून मोठा करंट वाहतो, पण तो वाहायचा की नाही, आणि किती, हे तिसरा पाय ठरवतो. त्या तिसऱ्याला बेस म्हणतात. बेसला चिमूटभर द्या, तिकडे पसाभर वाहतो. चिमटीच्या किती पट पसा, तो त्याचा गेन. पुस्तकात हे दोन पानांत होतं. सरांनी ते पुस्तक बंद करून खिडकीत ठेवलं आणि म्हणाले, "मुकादम शिट्टी मारतो. शिट्टीला किती जोर लागतो? फुंकरीचा. आन् तिकडं वीस कोयते चालू होतात. फुंकर किती, तोड किती, भागाकार कर. तो गेन." वर्गातली निम्मी पोरं टोळीत वाढलेली. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

मग परीक्षा झाली. प्रश्न होता, की बेसला थोडा करंट दिल्यावर पुढे जो जास्तीचा करंट मिळतो तो कुठून येतो? मी लिहिलं, ट्रान्झिस्टर तयार करतो. एवढ्याशा काळ्या मण्यात केवढी ताकद, याचं मला खरोखर कौतुक वाटत होतं. सरांनी त्यावर चूक म्हणून फुली मारली नाही. बाजूला लाल पेनाने लिहिलं, 'ऊस कोण तोडतं?' पेपर परत देताना खिडकीला म्हणाले, की उत्तर सापडल्याशिवाय पेपर जमा करू नये. मी चार दिवस त्या तीन शब्दांकडे बघत बसले. दहा वर्षं उसाच्या मोळ्या बांधलेली पोरगी मी, पण सर्किटात ऊस कुठे असतो ते मला काही दिसेना.

सर नवीन आणलेला प्रत्येक ट्रान्झिस्टर मोजत. पाकिटावर गेन छापलेला असे, शंभर ते तीनशे. सर म्हणत, हे म्हणजे स्थळ सांगताना पोराला तीन ते तीस एकर शेती हाय म्हणण्यासारखं. मोजून झाला की वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधायचा आणि पुडीवर आकडा टाकायचा. एकशे चाळीस. दोनशे दहा. एक निघाला होता साठचा. पोरं तो टाकून द्यायला निघाली तर सरांनी हातातून काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशीच्या सर्किटात मुद्दाम तोच बसवला. "गेनच्या भरवशावर सर्किट बांधतो तो गाढव," ते म्हणाले. "असं बांधायचं की साठचा घाला न्हाईतर तीनशेचा, दिवा लागला पायजे." पोरं लाडात येऊन विचारायची, सर, आमचा गेन किती? यावर मात्र सर खरोखर चिडायचे. आमच्यात पहिला कोण, शेवटचा कोण, हे त्यांनी दोन वर्षांत कुणाला कळू दिलं नाही.

शाबासकी हा शब्द त्यांच्याकडे नव्हता. सर्किट जमलं, दिवा पेटला, की ते वाकून बघत आणि म्हणत, "लागला." बस. एवढ्यासाठी आम्ही तासन् तास खपायचो.

मांजरसुंब्याच्या चौकात एकदा एका पुढाऱ्याची सभा होती आणि सरांबरोबर सामान आणायला निघालेली आमची जीप गर्दीत अडकली होती. लाउडस्पीकर कुईं कुईं करत होता. पुढारी सारखे मागे वळून सांगत होते की आवाज वाढवा, आणि माणूस वाढवत होता, आणि शिट्टी आणखी कर्कश होत होती. सर जीपमधून उतरले, गळ्यातलं मीटर सावरत गर्दीतून स्टेजमागे गेले आणि बटण उलट्या बाजूला फिरवलं. कुईं थांबली आणि सभेतला पहिला शब्द लोकांना ऐकू आला. परत येऊन आम्हाला म्हणाले, गेन लई वाढवला की आपलंच बोलणं आपल्याच कानात शिरतं, मग दुसऱ्याला काय ऐकू जाणार. पुढाऱ्याचं भाषण काय होतं ते त्यांनी ऐकलंच नव्हतं.

आता रुमालाचं सांगते.

दसरा होऊन गेला होता. सरांनी एक लहान बोर्ड आणला, त्यावर एक ट्रान्झिस्टर, एक तांबडा दिवा आणि नऊ व्होल्टची बॅटरी. दोन तारा मोकळ्या. एका पोराने दोन्ही हातांत एकेक तार धरली आणि दिवा लागला. अंगातून जाणारा करंट मुंगीच्या पावलाएवढा, पण बेसला तो पुरतो. मग सरांनी दुसरा बोर्ड काढला. त्यात दोन ट्रान्झिस्टर एकापुढे एक, म्हणजे शंभर गुणिले शंभर, दहा हजार पट. "आता अख्खा वर्ग मधी घाला," ते म्हणाले. आम्ही बाराजणांनी गोल करून हातात हात धरायचे, आणि टोकाच्या दोघांनी तारा. दिवा मंद लागणार म्हणून खिडक्या लावून घेतल्या.

पोरांनी भराभर हात धरले. मी मधेच उभी होते. माझ्या डावीकडचा पोरगा आणि उजवीकडचा पोरगा, दोघांनीही हात पाठीमागे नेले होते. खोटं कशाला बोलू, माझेही हात ओढणीत होते. कुणी कुणाकडे बघेना. शेवटी डावीकडच्याने खिशातून रुमाल काढला, एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं माझ्याकडे केलं. उजवीकडच्याने शेजाऱ्याचा रुमाल मागून घेतला. आम्हाला वाटलं, प्रश्न सुटला.

दिवा काही लागला नाही. सरांनी बॅटरी मोजली, तारा बघितल्या. मग मीटर घेऊन एकेका पोराजवळून फिरत आमच्यापर्यंत आले आणि थांबले. दोन रुमालांकडे बराच वेळ बघत राहिले. आता काहीतरी बोलतील म्हणून माझी मान खाली गेली होती. आजकालची पोरं, जमाना कुठं चाललाय, असलं काहीतरी.

"सुती हायेत का?" त्यांनी विचारलं.

डावीकडचा हो म्हणाला.

"मग वले करा."

कुणीतरी माठातून तांब्या भरून आणला. दोन्ही रुमाल भिजवून पिळले आणि आम्ही पुन्हा टोकं धरली. अंधाऱ्या खोलीत तो तांबडा ठिपका हळूच उजळला. "लागला," सर म्हणाले. मग खिडकीकडे तोंड करून, म्हणजे माझ्यासाठी, म्हणाले, "लाजायला माझी ना न्हाई. फकस्त कोरडं राहू नका."

ही गोष्ट माझ्या आधी माझ्या गावात पोचली. पण रुमाल वाटेतच कुठेतरी गळून पडला होता. पाटोद्याचा मास्तर खिडक्या लावून पोरींना पोरांच्या हातात हात द्यायला लावतो, एवढंच आमच्या पारावर येऊन उतरलं. तिसऱ्या दिवशी वडील आत्याकडे आले. रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. माझी पिशवी उचलली आणि म्हणाले, "दिवाळी आलीच हाय. चल." स्थळाची माणसं पुढच्या आठवड्यात येणार होती.

मी काहीच सांगितलं नाही. रुमाल होता, ओला होता, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मला स्वतःलाच ते सांगण्याजोगं वाटेना.

मी घरी आल्याच्या पाचव्या दिवशी, ऊन कलल्यावर, सर आमच्या दारात उभे. फाट्यापासून चालत आले होते, धोतराचे सोगे धुळीने भरलेले, गळ्यात मीटर. वडील ओट्यावर कानशीने कोयत्याला धार लावत होते. मी आतल्या दाराआड होते. आता वडील काय बोलतात, सर काय बोलतात, काय होतंय कोण जाणे.

सर बसले, पाणी प्यायले आणि पिशवीतून माझा पेपर काढला, वर्गातल्या माझ्या टेबलावर राहिलेला. पोरगी पाच दिवस आली नाही, उत्तर तसंच राहिलं, म्हणून पेपर घेऊन आलो, असं म्हणाले. पारावर काय बोललं जातंय याची त्यांना वार्ताही नव्हती. वडील गप्प बसले. सरांना गप्प माणूस म्हणजे शिकायला तयार माणूस वाटायचा. त्यांनी बोर्ड काढला, एकाच ट्रान्झिस्टरचा. दोन लावले की लोकांना जादू वाटते, एक लावला की कळतं, असं त्यांचं मत होतं. वडिलांना आत बोलावून दार अर्धं ओढलं, एक तार वडिलांच्या हातात दिली, दुसरी माझ्या हातात, आणि आम्हा दोघांना म्हणाले, धरा हात.

वडिलांचा हात मी त्याआधी कधी धरला होता ते मला आठवत नव्हतं. दिवा लागला नाही.

सरांनी गळ्यातलं मीटर काढून वडिलांच्या तळहाताला लावलं. काटा जागचा हलेना. त्यांनी वडिलांचा हात उलटा केला, सुलटा केला, बोटांच्या मुळाशी असलेले घट्टे अंगठ्याने चाचपले. वीस वर्षं कोयता धरलेला तो हात होता. वडील ओशाळले. "माझ्यातून जात न्हाई वाटतं," ते म्हणाले.

"तुमच्यातूनच जातं समदं," सर म्हणाले. "वरलं कातडं तेवढं आड येतंय. पाणी आणा."

आईने तांब्या आणला. वडिलांनी हात बुडवून माझा हात पुन्हा धरला, आणि दिवा लागला. सर म्हणाले, "लागला." आणि मग, जसं एखाद्याने मोटारीचा बिघाड सांगावा तसं, सांगत सुटले की गेल्या आठवड्यात वर्गात असाच घोटाळा झाला. तुमची पोरगी आणि शेजारची दोन पोरं, तिघांनी लाजून मधे रुमाल धरले, आणि रुमाल कोरडे. भिजवले तेव्हा कुठं दिवा लागला. कोरडी वस्तू मधे आली की असं होतं बघा. वडील माझ्याकडे बघत होते. मी तांब्याकडे बघत होते.

"मग हा दिवा माझ्या हातातल्या जोरानं लागला का?" वडिलांनी विचारलं.

सरांनी मुकादमाची शिट्टी सांगितली. फुंकर एवढी, आणि वीस कोयते. वडिलांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली, पण नकाराची.

"शिट्टी ऊस तोडत न्हाई, सर. ऊस आमी तोडतो. शिट्टीनं नुसतं कळतं, तोडा म्हणून." त्यांनी बोर्ड उचलला, उलटा केला, आणि खालच्या बॅटरीवर बोट ठेवलं. "तोडणारा हा हाय. दिव्याला जोर ह्याचा. न्हाई का?"

सर उठून उभे राहिले. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. पेपर माझ्यासमोर धरून म्हणाले, की हेच, ह्या तीन शब्दांचं उत्तर हेच. मी लाजेने आणि आनंदाने रडायच्या बेताला आले होते. ट्रान्झिस्टर काही तयार करत नाही. तो फक्त वाट मोकळी करतो. ताकद आधीपासून तिथंच असते, खाली, कुणी उलटं करून बघितल्याशिवाय न दिसणारी.

एवढं झालं आणि सरांना शेवटच्या जीपची आठवण झाली. चपला घातल्या आणि निघाले. पोरीला पाठवा, शिकू द्या, हुशार आहे, यातलं एक अक्षर बोलले नाहीत. बोर्डसुद्धा विसरून गेले, मेथीसारखा. आई म्हणाली, "सर आलते तरी कशाला?"

वडील बराच वेळ बोर्ड हातात घेऊन बसले होते. दोन बोटं तांब्यात बुडवायचे, तारा धरायचे आणि दिवा लागला की सोडायचे. सकाळी म्हणाले, "जा तू. मला अडाण्याला एवढं सांगत बसले, तुला तर किती सांगत असतील. आन् ह्यो बोर्ड त्यांचा त्यांला दे." स्थळाच्या माणसांना दोन वर्षं थांबायला सांगितलं. ती थांबली नाहीत. त्या हंगामाला टोळीबरोबर आई-वडील गेले, मी गेले नाही.

मी वर्गात शिरले तेव्हा सर सोल्डर करत होते. वर न बघता, खिडकीकडेही न बघता, म्हणाले, "आलीस का बे?" सगळा वर्ग हसला. मला मात्र त्या 'बे'चं जे वाटलं ते मी अजून कुणाला नीट सांगू शकलेले नाही.

आता मांजरसुंब्याला माझं दुकान आहे. स्टार्टरचे बोर्ड, इन्व्हर्टर, ढाब्यांच्या पाट्यांचे दिवे, सगळं करते. ट्रान्झिस्टर मोजून पुडीत बांधायची सवय लागली ती लागलीच. साठचा निघाला तर टाकत नाही.

यंदा सरांच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू आणि बोलणं दोन्ही गेलं, असं कळलं. मी नांदूरघाटला निघाले तर वडील म्हणाले, मी पण येतो. त्यांचा कोयता सुटून दोन वर्षं झालीत. सर खाटेवर होते, मीटर उशाशी खुंटीला टांगलेलं. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या, की ऐकू येतं, माणूस ओळखतात, पण महिना झाला, शब्द काही निघत नाही. डॉक्टर म्हणतात, बोलत राहा त्यांच्याशी. मी दुकानाबद्दल काहीबाही बोलत राहिले. पाटोद्याच्या भाजीवालीबद्दल बोलले. सर छताकडे बघत होते.

वडील खाटेजवळ आले. त्यांना बोलायचं होतं, पण असल्या वेळी काय बोलतात ते त्यांना कधीच जमलं नाही. खालचा पाण्याचा तांब्या त्यांनी जवळ ओढला. दोन्ही तळहात त्यात बुडवले, निथळू दिले, आणि तसेच ओले हात पुढे करून सरांचा डावा हात धरला.

सरांनी मान वळवली. वडिलांकडे बघितलं, मग ओल्या हातांकडे. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. काकू पुढे झाल्या.

"लागला," सर म्हणाले.